नागपुरात घरी गिटार बनवायची? आधी खोलीतली हवा मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नागपुरात राहतात, घरचं छोटं फर्निचर त्यांनी स्वतःच्या हाताने केलं आहे आणि स्टीलच्या तारांची गिटार ते बरीच वर्षं वाजवतात. एप्रिल-मेमध्ये त्यांना दीड महिना मोकळा आहे. लकडगंजच्या लाकूडबाजारातून सागवान आणून टॉपसकट, म्हणजे तोंडावरच्या पातळ फळीसकट, पूर्ण गिटार त्याचीच करायची, असा बेत आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: सागवान चालेल का, हत्यारं काय लागतील आणि दीड महिना पुरेल का?

मी नागपुरातच सोळा वर्षांपासून हौसेने गिटारी बनवतो आहे. सागवान पाठीला आणि बाजूंना चालेल, टॉपला नको. हत्यारं बहुतेक तुमच्या घरात आहेतच. दीड महिन्यात गिटार होईलही, पण तो दीड महिना एप्रिल-मेचा असेल तर पेटी, म्हणजे गिटारचं पोकळ अंग, जोडू नका. या तिसऱ्या उत्तरावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण नागपुरात गिटार बिघडते ती बहुतेक वेळा याच एका कारणाने.

माझी पहिली गिटार मी जुलैत जोडली. बाहेर पावसाची झड, भिंतींना ओल आणि मला सुट्टी. डिंक छान धरला, पेटी बंद झाली, दिवाळीच्या आधी तारा चढल्या. पहिला सूर ऐकायला घरातले सगळे गोळा झाले होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री ‘टक्’ असा एकच आवाज आला. सकाळी पाहिलं तर ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकवायची लाकडी पट्टी) टोकापासून खालच्या कडेपर्यंत सरळ भेग गेली होती, नख आत जाईल एवढी. लाकूड चांगलं होतं, सांधे घट्ट होते. चूक फक्त महिन्याची होती.

हिशोब करून बघा. टॉपला लागणारं स्प्रूस या सूचीपर्णी झाडाचं लाकूड त्यातला ओलावा एक टक्क्याने घटला की रुंदीत साधारण ०.१५ टक्के आकसतं. हवेतली आर्द्रता ८० टक्के असताना लाकडात जवळपास १६ टक्के ओलावा मुरलेला असतो. आर्द्रता २० टक्क्यांवर आली की तो ४-५ टक्के उरतो. म्हणजे ११ टक्क्यांचा फरक. गिटारच्या खालच्या फुगीर भागाची रुंदी ४०० मिमी धरली तर टॉप साडेसहा मिलिमीटर आकसायला बघतो. पॉलिशमुळे हे हळूहळू होतं, पण आपला उन्हाळा तीन महिन्यांचा आहे, त्याला घाई नसते. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही, आणि टॉपच्या आतून आडव्या-तिरप्या चिकटवलेल्या ब्रेसच्या, म्हणजे आधाराच्या पट्ट्यांच्या, लाकडाच्या रेषा त्यांच्या लांबीतच असतात. त्या जागच्या जागी, त्यांना चिकटलेला टॉप मात्र आकसायला निघालेला. त्याला आकसायला जागा मिळत नाही, म्हणून तो फाटतो.

उलट प्रकार, म्हणजे मेमध्ये कोरड्या हवेत जोडून पावसाळ्यात नेणं, तेवढं घातक नाही. टॉप फुगतो, तारा वर उचलल्या जातात, बोटं दुखतात, आवाज बसका होतो. भेगेपेक्षा बरं, पण तीही गिटार नीट झाली असं म्हणता येणार नाही. जगभरचे गिटारमेकर ४० ते ५० टक्के आर्द्रतेत पेटी जोडतात ते याचसाठी: नंतर हवा कुठल्याही बाजूला गेली तरी लाकडाला अर्धीच वाट जावी लागते.

आता कूलर. आपल्याकडे एप्रिल लागला की खिडकीत कूलर बसतो आणि वाळ्याच्या ताट्या भिजू लागतात. माझ्या खोलीत मेच्या भर दुपारी खिडक्या उघड्या असल्या तर मापक २० च्या खाली जातो, आणि दार लावून कूलर लावला की ६० च्या वर. म्हणजे एकाच दिवसात लाकूड मे आणि जुलै दोन्ही बघतं. कूलरच्या खोलीत ब्रेस चिकटवल्या तर त्या वेळी सगळं सुरळीत वाटतं. लाइट गेली किंवा रात्री कूलर बंद केला, की मग टॉप वाटीसारखा वाकतो. म्हणून काम कूलरच्या खोलीत नको, आणि झालेली गिटारही त्या खोलीत उघडी टांगू नका.

पहिली खरेदी रंध्याची करू नका, आर्द्रतामापकाची करा. छोटा डिजिटल चालतो, पण तो तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ते ओलं रेतीसारखं करा, मापकाबरोबर हवाबंद डब्यात ठेवा आणि रात्रभर थांबा. त्या डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल तर त्या आकड्यात ५ मिळवायचे हे लक्षात ठेवा. मी दर दसऱ्याला माझे दोन्ही मापक असे तपासतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एक जुनं कपाट. खाली ४० वॉटचा साधा पिवळा बल्ब लावा, त्याच्यापासून वीतभर वर जाळीचा फळका ठेवा आणि चिरलेलं लाकूड त्यावर मध्ये काड्या घालून रचा. पावसाळ्यातसुद्धा बल्बच्या उबेने आतली आर्द्रता पंचेचाळीसच्या आसपास आणता येते. मापक कपाटातच ठेवा, बल्ब किती तास लावायचा ते त्याला बघून ठरवा.

मग एप्रिल-मेच्या दीड महिन्यात काय करायचं? भरपूर काम आहे. साचा बनवा, टेम्प्लेट कापा, फ्रेटबोर्डच्या खाचा पाडा, दांडीचा, म्हणजे नेकचा, ओबडधोबड आकार काढा, पाठीच्या आणि बाजूंच्या फळ्या चिरून आणून काड्यांवर रचून ठेवा. पावसाळ्यात नेकचं कोरीवकाम आणि हत्यारांना धार. दसरा उलटला, सकाळची हवा हलकी झाली, मापक सलग आठवडाभर ४० आणि ५० च्या मध्ये राहिला, की मग ब्रेस चिकटवा आणि पेटी बंद करा. माझ्याकडे हे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात येतात.

आता लाकूड. मिरजेच्या सतारमेकरांच्या भाषेत वाद्याच्या तोंडावरच्या पातळ फळीला तबली म्हणतात. तो शब्द मला टॉपपेक्षा आवडतो, म्हणून पुढे तोच वापरतो. तबलीला हलकं, पण लांबीच्या दिशेने ताठ लाकूड लागतं. सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं, स्प्रूस चारशेच्या थोडं वर. सागवानाची तबली पुरेशी हलकी करायला जावं तर ती इतकी पातळ होते की तारांच्या ओढीने खचते. पुरेशी जाड ठेवावी तर ती हलतच नाही. स्प्रूस आपल्याकडच्या वखारीत मिळत नाही. गिटारसाठी मधून चिरलेल्या, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या दोन फळ्यांची जोडी ऑनलाइन मागवावी लागते. जोडी आली की फळीच्या टोकाकडे बघा: वर्षवलयांच्या रेषा पृष्ठभागाला काटकोनात उभ्या हव्यात. रेषा आडव्या पडल्या असतील तर परत पाठवा.

मोठा खर्च इथेच करा. स्पेनच्या अंतोनियो दे तोर्रेस या गिटारमेकराने १८६२ साली पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून त्यावर लाकडाची तबली बसवली, आणि आवाजाचं बहुतेक श्रेय तबलीचं आहे हे दाखवून दिलं. ते वाद्य आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. त्यामुळे पाठीला शिसवीच हवी असा हट्ट नको. शिसवी सुंदर आहे, मी वापरतो, पण पहिल्या गिटारीला आपलं सागवान उत्तम.

ते नवं घेऊ नका. लकडगंजात गडचिरोलीतल्या आलापल्लीचं चांगलं सागवान मिळतं, पण ते ताजं असू शकतं. महाल-इतवारीत जुने वाडे पडतात तेव्हा त्यांच्या म्याली (तुळया) आणि दारांच्या फळ्या विकायला येतात. पन्नास-साठ पावसाळे-उन्हाळे बघितलेलं हे लाकूड आता फारसं खळखळ करत नाही. आधी त्यावर लोहचुंबक फिरवा. मोडलेल्या खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, तेवढा भाग सोडा. आरामशीनवाल्याला सहा मिमीच्या फळ्या पाडायला सांगा. चार मिमीच्या मागितल्या तर पातं भरकटल्यावर हातात काही उरत नाही. पाठीच्या प्रत्येक अर्ध्याला साधारण २०० मिमी रुंदी आणि ५२० मिमी लांबी लागते, बाजूंना १२० मिमी रुंदी आणि ८०० मिमी लांबी. रुंद फळी मिळाली नाही तर पाठ चार पट्ट्यांची करा, मध्ये शिसवीची बारीक रेघ द्या, छान दिसते. सागवान आणि शिसवी दोन्हींचा भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो, मास्क लावूनच घासा.

हत्यारांचं एका परिच्छेदात संपवतो. एक चांगला रंधा, तीन पटाश्या, बारीक दातांची करवत, व्हर्निअर कॅलिपर, दहा-बारा सी-क्लॅम्प आणि धार लावायचा १००० नंबरचा दगड. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल करणाऱ्या एका मिस्त्रींकडे मी दोन महिने फक्त धार लावायला शिकलो. मी घाई केली की ते पटाशी हातातून काढून घेत आणि म्हणत, ‘‘लाकडाले घाई नाई चालत भाऊ, अन् बोथट पटाशी तं बिलकुलच नाई.’’ पातळ स्प्रूसवर बोथट रंधा फिरला की रेषा उपटून येतात, आणि ते खड्डे घासून काढेपर्यंत जाडी हातची जाते.

तबलीची जाडी. दोन्ही अर्धे जोडल्यावर रंध्याने ३.२ मिमीपर्यंत आणा आणि मग दर दोन-चार हातांनी थांबा. दोन्ही कडा धरून रुंदीच्या दिशेने हलकेच वाकवून बघा. ३.२ ला ती प्लायसारखी ताठ लागते. २.८ च्या आसपास ती हाताला ‘हो’ म्हणायला लागते, आणि त्याच सुमाराला कोपऱ्यात दोन बोटांनी धरून टकटक केलं तर बंद ‘ठक्’ ऐवजी लांबणारा ‘ठंऽ’ ऐकू येतो. पहिल्या गिटारीला तिथेच थांबा. आणखी पातळ केली तर आवाज मोठा होईल हे खरं, पण १२-५३ च्या तारांचा सेट (पहिली तार ०.०१२ इंच, सहावी ०.०५३ इंच जाड) सुरात आला की एकूण ताण पाऊणशे किलोच्या जवळ जातो आणि तो सगळा या पावणेतीन मिमीच्या फळीवर येतो. पाठ अडीच मिमी, बाजू दोन मिमी.

ब्रेसिंग हा माझा सगळ्यात आवडता टप्पा आहे. नायलॉनच्या तारांना तोर्रेसची पंख्यासारखी पसरलेली रचना पुरते, कारण ताण निम्म्याच्या आसपास असतो. स्टीलला एकमेकींना छेदणाऱ्या दोन मुख्य पट्ट्यांची एक्स रचना लागते, जी अमेरिकेत १८४० च्या दशकात मार्टिन या गिटारमेकराच्या गिटारींत रुळली. मुख्य पट्ट्या ८ मिमी रुंद, छेदाच्या जागी १५ मिमी उंच, स्प्रूसच्याच आणि रेषा उभ्या. तबलीला चिकटणारी त्यांची बाजू सरळ ठेवू नका, २५ फूट त्रिज्येचा बाक द्या. आकडा मोठा वाटतो, पण ४०० मिमी लांबीत मध्यावर जेमतेम अडीच मिमी उंची येते. नागपुरात हा बाक मला फार महत्त्वाचा वाटतो. सपाट तबली आकसली की थेट फाटते. बाक असलेली आधी खाली बसते, आणि त्या बसण्यात तिला रुंदीची सूट मिळते.

अशा बाक दिलेल्या ब्रेस तबलीवर दाबून धरायला क्लॅम्प पोचत नाहीत. त्यासाठी दोन जाड प्लायचे फळे चार खांबांवर एकमेकांपासून दोन फूट अंतरावर बसवा, खाली तबली ठेवा, आणि वरचा फळा व ब्रेस यांच्या मध्ये बांबूच्या कामट्या वाकवून अडकवा. कामटी अंतरापेक्षा दोन बोटं लांब हवी, म्हणजे धनुष्यासारखी ताणून ती दाब देते. बाहेर यासाठी फायबरच्या काड्या विकत घेतात. आपल्याकडे बुरुडाकडून गडचिरोलीच्या बांबूच्या एकसारख्या तीस कामट्या तासून घ्या, वर्षानुवर्षं टिकतात. माझ्या अजून पहिल्याच आहेत.

चिकटवून झाल्यावर ब्रेस पटाशीने तासायच्या: टोकं निमुळती करत कडेपाशी दोन मिमीवर आणायची, छेदापाशी उंची राखायची. मध्ये मध्ये तबली ठोकून ऐका, पण त्यात एखादा ठरावीक सूर शोधू नका. अंगठ्याने ब्रिजच्या जागी तबली दाबत राहा. कोणत्या बाजूला ती जास्त ताठ आहे ते त्याला कळायला लागेल, तिथलं लाकूड काढा. पहिल्यांदा घाबरून जास्तच ठेवाल. तसं ठेवलेलं चालतं.

बाजू वाकवायला दोन इंची लोखंडी पाइप शिकंजात धरून आतून गॅसच्या ब्लोटॉर्चने तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचून उडाला की पाइप तयार. ओलं फडकं पाइप आणि लाकडाच्या मध्ये ठेवा आणि लाकूड ‘सोडेल’ याची वाट बघा. हाताला ते एकदम मऊ लागतं. जोर लावून वाकवलं तर कंबरेच्या वळणावर तडकतं, म्हणून आधी दोन फालतू पट्ट्या मोडून घ्या. वाकलेली बाजू लगेच साच्यात अडकवा, ती थोडी उलगडतेच. तबली आणि पाठ चिकटायला जागा मिळावी म्हणून बाजूंच्या आतल्या कडेला ज्या खाचांच्या पट्ट्या लागतात, त्या चिकटवताना कपडे वाळत घालायचे चिमटे पन्नास-साठ लागतील.

डिंकाबद्दल. फर्निचरचा नेहमीचा पांढरा गोंद कायम ताण असलेल्या सांध्याला मला पसंत नाही. उन्हाळ्यात बंद गाडीत राहिलेल्या गिटारीत तो मऊ पडतो आणि ब्रिज सरकतो. ब्रिजला आणि ब्रेसला मी सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक) वापरतो: रात्रभर भिजवून, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून ६० ते ६५ अंशांवर. उकळला तर त्याची ताकद जाते. थंडीच्या सकाळी तो पटकन गोठतो, म्हणून चिकटवायच्या दोन्ही बाजू आधी हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. सरस नको असेल तर वाद्यांसाठीचा पिवळा गोंद मागवा. एक मात्र विसरू नका: सागवान तेलकट असतं. चिकटवायच्या अगदी आधी ताजा रंधा फिरवा, अॅसिटोनने पुसा आणि दहा मिनिटांत जोडा.

नेक आणि फ्रेट लवकर सांगतो, कारण हे आकड्यांचं काम आहे आणि नीट मापलं तर चुकत नाही. मेरू (नेकच्या डोक्याशी तारा टेकतात ती पट्टी) ते सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती हाडाची पट्टी) ही लांबी ६४५ मिमी धरा. तिला १७.८१७ ने भागलं की पहिला फ्रेट मिळतो, ३६.२ मिमीवर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागा, आणि असंच पुढे. बारावा फ्रेट बरोबर ३२२.५ वर आला पाहिजे. तो तुमचा ताळा. गणित असं साखळीने करा, पण खुणा प्रत्येक वेळी मेरूपासूनच मापा. एका फ्रेटपासून दुसरा मापत गेलात तर बाराव्यापर्यंत चुका साठत जातात. खाच ०.६ मिमीची. सॅडल पहिल्या तारेकडे साधारण दोन मिमी आणि सहाव्या तारेकडे चार-साडेचार मिमी मागे सरकवा, नाहीतर वरचे सूर चढे लागतील. नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक आवरणारी पोलादी सळई, घालाच.

नेकचा कोन बघायला एक युक्ती पुरते: फ्रेटांवर सरळ पोलादी पट्टी ठेवली की तिचं टोक ब्रिजच्या माथ्यावरून जेमतेम सरकलं पाहिजे. ब्रिजला अडलं तर नेक पुढे झुकलाय, वर हवेत राहिलं तर मागे. म्हणूनच मी नेक चिकटवत नाही, बोल्टने बसवतो. पाच वर्षांनी कोन बदलावा लागला तर दोन बोल्ट सैल करून अर्ध्या दिवसात होतो.

पॉलिशला चपडा लाख आणि स्पिरिट. आपल्या पळसावरचीच लाख ही. पातळ थरांत, कापसाच्या पुडीने, दिवसाला चार-पाच हात. पावसाळ्यात लावलात तर थरात पांढरट छाया अडकते. फेब्रुवारी उत्तम.

मग तारा. पूर्ण सुरात एकदम आणू नका: पहिल्या दिवशी दोन सूर खाली ठेवा, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी पूर्ण. ब्रिजच्या मागे तबली किंचित फुगेल, तेवढं हवंच. बाराव्या फ्रेटवर सहावी तार अडीच मिमी आणि पहिली दोन मिमीच्या आत अशी उंची ठेवा.

ही उंची नागपुरात वर्षभर तशीच राहणार नाही, पेटी कितीही नीट जोडली तरी. मेमध्ये तबली बसेल आणि तारा फ्रेटांवर खरखरतील. ऑगस्टमध्ये ती फुगेल आणि तारा वर जातील. त्यासाठी नेकशी झटापट करू नका. हाडाच्या दोन सॅडल तासा, नेहमीच्या उंचीपेक्षा एक मिमीभर उंच आणि एक तेवढीच बुटकी. सॅडल एक मिमी बदलली की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिमी हलते, आणि आपल्याला तेवढंच लागतं. माझ्या प्रत्येक गिटारीच्या केसमध्ये अशी जोडी छोट्या पाकिटात असते. उंच सॅडलवर पेन्सिलने ‘मे’ लिहिलेलं आहे, बुटकीवर ‘ऑगस्ट’.